बाई चपलांपाशी बसतात

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीची बैठक होती. विषय साधा होता, मागच्या भिंतीला रंग कोणता द्यायचा. पहिल्या मजल्यावर नुकतेच राहायला आलेले पवार उशिरा पोचले. गच्चीवरची सतरंजी भरून गेली होती, म्हणून ते बिचारे दाराशी, आम्ही काढून ठेवलेल्या चपलांच्या शेजारी टेकले. लगेच सगळे बोलायचे थांबले आणि त्यांच्याकडे बघू लागले.

"तुमचा काय फायदा हो यात?" तळमजल्यावरच्या काळेकाकांनी विचारलं.

"माझा?" पवार गडबडले. "मला कसला फायदा? जागा नव्हती म्हणून बसलो."

"मग उठा तिथून. लोकांचा गैरसमज होतो."

सरकून सरकून आम्ही त्यांना जागा करून दिली. बैठक संपल्यावर ते माझ्याकडे आले. "मॅडम, ते चपलांचं काय आहे?"

मी इमारतीची सचिव. नव्या रहिवाशाला सांगायच्या गोष्टींची माझी यादी तयार असते: नळाला पाणी कोणत्या दिवशी, कचऱ्याची गाडी कधी, गेटची जादा किल्ली कुणाकडे. त्या यादीत शिंगाडेबाई नव्हत्या. त्या दिवशी मी त्यांना सगळ्यांत वर घातलं. पवारांना सांगायला बसले तर चहा दोनदा झाला तरी संपेना. तेव्हा आता नीट लिहूनच काढते.

शिंगाडेबाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. कन्नड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून त्यांनी हयात घालवली, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या आणि पुंडलिकनगरात आमच्या इमारतीत फ्लॅट घेतला. उंच, काटक, आणि आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळणारं पोर जागीच थांबावं. पहिल्याच बैठकीत त्या अध्यक्ष झाल्या. अध्यक्ष कोण होणार, असं विचारल्यावर बाकी सगळे सतरंजीची नक्षी बघत होते आणि बाई एकट्या समोर बघत होत्या, एवढंच कारण.

त्याच बैठकीत बोअरच्या मोटारीचा विषय निघाला. जुनी जळली होती, नवी घ्यायची होती. पहिल्या मजल्यावरच्या सलीमभाईंचं मोटारींचंच दुकान. ते म्हणाले, "अपनी दुकान है ना. मैं लाके बिठा देता."

सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंनी हलवली नाही.

"सलीमभाई, तुम्ही उठा आणि तिकडं बसा," त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. "चपलांपाशी."

मी सचिव म्हणून लिहीत होते, ते पेन हवेतच राहिलं. एका भल्या माणसाला, तेही पहिल्याच बैठकीत, चपलांपाशी बसवायचं म्हणजे काय?

बाईंना ते समजलं असावं. त्या म्हणाल्या, "अपमान नाय करत. मोटार तुमच्या दुकानातली आली तर तुमचा फायदा आहे. वाईट नाय त्यात काही. पण ज्याचा फायदा त्यानं जरा बाजूला बसायचं. बोलायचं सगळं. हात फक्त वर करायचा नाय. तुमचं दिसतं, म्हणून तुमच्यापासून सुरुवात."

सलीमभाई हसत उठले आणि चपला बाजूला सारून मांडी घालून बसले. तिथून त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दशः आठवतं. "बाई, अब चप्पलां में बिठाए तो सच्ची बात बोलता. अपना बोअर बहोत गहरा है. इत्ते गहरे बोअर की मोटर मेरे दुकान में हैच नहीं. मेरे यहां की लिए तो छे महिने में फिर जलेगी. दूसरे से लेओ, मैं साथ में आके देख लेता."

मोटार दुसरीकडून आणली. अजून चालू आहे.

आणि त्या दिवसापासून आमच्याकडे नियम पडला. ज्या विषयात ज्याचा फायदा, त्याची जागा चपलांपाशी.

हे बाईंनी कुठून आणलं, ते मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. त्यांचे वडील मेंढपाळ. सुगी झाली की कळप घेऊन गावोगाव हिंडायचे. शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, कारण लेंड्यांचं खत फुकटात मिळतं, आणि बदल्यात धान्य द्यायचे. आता कळप आधी कुणाच्या रानात न्यायचा, हे वाड्यावर ठरायचं. वाडा म्हणजे त्यांचा मुक्काम. चार-पाच बिऱ्हाडांची माणसं गोल करून बसायची. ज्याची त्या शेतकऱ्याशी जास्त ओळख, किंवा ज्याची बहीण त्या गावात दिलेली, तो माणूस गोलातून उठून कुत्र्यांपाशी जाऊन बसायचा.

"कुणी सांगायचं नाय उठ म्हणून," बाई म्हणाल्या. "ज्याचं त्यानं उठायचं. आणि एक बघा सचिव, कुत्र्यांपाशी बसलेल्याचं लोक लई ध्यान देऊन ऐकायचे. कारण त्याला काय पाहिजे ते सगळ्यांना ठाऊक. गोलात बसून गोड बोलतो त्याचीच भीती."

"मग तुम्ही चपला का घेतल्या?"

"इथं कुत्री कुठून आणू? चपला होत्या."

त्यांचं एक वाक्य आमच्या इमारतीत आता म्हणीसारखं झालंय: भाकरी खावी, पदराआड खाऊ नये. फायद्याला त्या कधी वाईट म्हणाल्या नाहीत. कुणी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला की आधी विचारायच्या, "कशाचे?" मुलगा पास झाल्याचे असले तर दोन घ्यायच्या. पार्किंगमधली जागा बदलून हवी असल्याचे असले तर एक घ्यायच्या आणि म्हणायच्या, "खाल्ला. आता बैठकीत चपलांपाशी या." हे कुणालाही, कुठेही. एकदा हळदीकुंकवात, बायकांनी खचाखच भरलेल्या खोलीत, एक वहिनी त्यांच्या ओळखीच्या कॅटररची फार तारीफ करू लागल्या, तर बाईंनी सगळ्यांसमोर, "तुमचा कोण लागतो तो?" असं विचारलं. वहिनी पुढे दोन महिने जिन्यात बाईंना बघून मोबाइल कानाला लावायच्या. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं माझं मत आहे. प्रत्येक ठिकाणी बैठक भरलेली नसते.

पण स्वतःला त्यांनी कधी सवलत दिली नाही, हेही खरं. गणपतीच्या शेवटच्या दिवशी प्रसाद काय करायचा, हा विषय निघाला की बाई स्वतःच आपलं स्टूल उचलून चपलांकडे निघायच्या, कारण त्यांना बालूशाही फार प्रिय. आणि तिथून बालूशाहीबद्दल इतक्या तळमळीनं बोलायच्या की दरवर्षी बालूशाहीच यायची. काळेकाका म्हणायचे, "बाई, तुम्ही सतरंजीवरच बसत जा. तिथं तरी तुमचं वजन कमी पडेल."

हळूहळू हे आमच्या घराघरांत शिरलं. माझा मुलगा कॉलेजातून आला की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणायचा, "आई, मी चपलांपाशी बसून सांगतो, आज तू दमलेली दिसतेस, बाहेर जेवू." सलीमभाईंच्या बेगम त्यांना दटावायच्या, "चप्पलां में बैठके बोलो." मीठ पडलं की भाजीला चव येते ना, तशी आमच्या रोजच्या बोलण्याला आली. फायदा सांगून टाकला की भांडण निम्मं होतं, हे मी या इमारतीत डोळ्यांनी पाहिलं.

बाईंचे गुडघे गेले तेव्हा त्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. मी सोबत होते. फाईल, जुने एक्स-रे आणि विचारायच्या प्रश्नांची यादी माझ्याकडे. माझी यादी पर्समध्येच राहिली, कारण बाईंनी आधी आपला प्रश्न टाकला. "डॉक्टर, ऑपरेशन केलं तर तुमचं काय, आणि नाय केलं तर तुमचं काय?"

मला वाटलं, आता हे आम्हाला बाहेर काढतात. डॉक्टर तरुण होते. ते खुर्चीत मागे रेलले, हसले आणि म्हणाले, "केलं तर माझा फायदा, आजी. नाही केलं तर फक्त तपासणीची फी." मग फाईल बंद करून म्हणाले, "तरीही सांगतो, करू नका. साखर आणि हृदय बघता मी स्वतःच्या आईचं केलं नसतं. जिने टाळा."

बाहेर आल्यावर बाई खुशीत होत्या. "खरा माणूस," त्या म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की खऱ्या माणसानं काय सांगितलंय. तिसरा मजला, आणि जिने टाळा.

बाईंचा भाचा पडेगावला राहतो. बैठं घर, पुढे अंगण. तो आला आणि म्हणाला, "मावशी, माझ्याकडं चल."

"तुझा फायदा सांग आधी."

तोही त्यांच्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, "फ्लॅट विकला तर मला दुकान टाकता येईल. आणि तू घरात असली तर पोरं अभ्यासाला बसतील. दोन्ही आहे."

बाई त्याच्यावर इतक्या खूश झाल्या की त्याला जेवू घालून पाठवलं. पण गेल्या नाहीत. मी कारण विचारलं तर त्यांनी मला दाराबाहेर नेलं आणि पितळेची पाटी दाखवली. मथुरा शिंगाडे. रोज पुसून चकचकीत केलेली. "माझा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात झोपला," त्या म्हणाल्या. "आमच्या घराण्यात दाराला नाव असलेली मी पहिली. भाचा गुणी आहे. पण तिथं दाराला त्याचं नाव आहे."

म्हणून लिफ्टचा विषय आला. लिफ्ट झाली तर बाई राहणार, नाही झाली तर पावसाळ्याआधी पडेगाव, हे त्यांनी भाच्याला कबूल केलं होतं आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

लिफ्टला जागा एकच होती, जिन्याच्या बाहेरच्या अंगाला. आणि ती येत होती बरोबर काळेकाकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. काळेकाका गंगापूरकडचे, घरची शेती भावाकडे, स्वतः पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सरळ माणूस, पण आवाज चढला की उतरायला वेळ लागतो. बैठकीआधी आठवडाभर ते पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "माझ्या खिडकीपुढं भिंत उभी करा आणि मला दिवसा दिवे लावायला लावा."

बैठक संध्याकाळी होती. मी विषय वाचायच्या आधीच बाईंनी आपलं स्टूल उचललं आणि एक एक पाऊल टाकत चपलांपाशी नेऊन ठेवलं.

काळेकाका उठले. "तुम्हाला लिफ्ट पाहिजे म्हणून तुम्ही तिथं. मला नको म्हणून मीही तिथंच. माझाही फायदाच की." ते बाईंच्या शेजारी, पण तोंड फिरवून बसले.

मग सलीमभाई उठले. "लिफ्ट आई तो मेरे फ्लॅट की किंमत बढती. मैं भी आता." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या, त्यांचेही गुडघे दुखायचे. माझ्या सासूबाई महिनाभर खाली उतरलेल्या नव्हत्या, म्हणून मीही वही घेऊन उठले. खर्च परवडत नाही म्हणणारे उठले, कारण खर्च वाचणं हाही फायदाच. शेवटी सतरंजीवर एकटा एक भाडेकरू उरला. तो ओशाळून म्हणाला, "लिफ्ट आली की घरमालक भाडं वाढवणार," आणि तोही आला.

सगळी इमारत दाराशी चपलांमध्ये दाटीवाटीनं, एकमेकांच्या गुडघ्यावर गुडघे. समोर अख्खी सतरंजी रिकामी. कुणाची तरी सँडल माझ्याखाली होती. मला हसू येत होतं.

"घ्या बाई," काळेकाका म्हणाले. "तुमच्या नियमानं आता मतदान कुत्र्यांनी करायचं."

बाई रिकाम्या सतरंजीकडे बघत होत्या.

"असं झालं तर काय करायचं, ते माझ्या बापानं सांगितलं नाय," शेवटी त्या म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "बरं. आपापला फायदा तर सगळ्यांनी उघडा केला. आता दुसऱ्याचं नुकसान सांगा. ज्याच्याशी तुमचं पटत नाय त्याचं. काळेसाहेब, तुमचं मी सांगते."

आणि त्या सांगू लागल्या. काळेकाकींना काचबिंदू आहे. ट्यूबलाइटचा उजेड त्यांच्या डोळ्यांना टोचतो. सकाळचं ऊन त्या खिडकीतून ओट्यावर येतं, त्या उजेडात त्या तांदूळ निवडतात, भाजी चिरतात, फोडणी करतात. "तेवढी एक खिडकी आहे म्हणून त्या बाईच्या हातचा स्वयंपाक अजून तिच्याच हातात आहे," बाई म्हणाल्या. "उजेड गेला की ती सुनेच्या हाताकडं बघत बसंल. ही लिफ्ट नाय झाली पाहिजे. तिथं तर नाय."

मी लिहायची थांबले. बाई स्वतःच स्वतःचा दावा हरत होत्या, आणि तो त्याच मैदानभर आवाजात. दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. लिफ्टच्या बाजूचे होते तेही चुळबुळू लागले. मला वाटलं, संपलं. पडेगाव.

"आता तुम्ही," बाई काळेकाकांना म्हणाल्या.

काळेकाकांना बोलायचं नव्हतं. ते चपलांकडे बघत म्हणाले, "मी काय सांगू? बाई जिना चढतात, तेव्हा मी दारात पेपर वाचत असतो. दर चार पायऱ्यांना थांबतात. पहिल्या वळणावर थांबल्या की तिथल्या भिंतीवरची नोटीस वाचत असल्यासारखं करतात. कुणी बघितलं तर वाटावं, वाचायला थांबल्यात. ती नोटीस तीन वर्षांपूर्वीची आहे. टाकी धुण्याची. मी काढणार होतो. मग म्हटलं, राहू दे. काढली तर त्या कशासाठी थांबतील?"

बाईंनी पदर सारखा केला. तीन वर्षं मी ती नोटीस काढायची म्हणून यादीत लिहीत होते आणि दरवेळी काहीतरी मधे येत होतं.

तेवढ्यात सलीमभाईंनी हात वर केला. "एक बात बोलूं? लोहे की चादर का डिब्बा कायकू बिठाना? कांच का बिठाते ना. चारों तरफ कांच. उजाला आरपार जाता, काकी की खिडकी में बी." मग ते चाचरले. "मगर मैं पहले बोल देता. मेरे साले का कांच का काम है."

सगळी गच्ची हसली. पहिले हसले ते काळेकाका.

"सलीमभाई," ते म्हणाले, "तुम्ही ऑलरेडी चपलांत आहात. अजून कुठं पाठवायचं तुम्हाला?"

काचेच्या लिफ्टला मग कुणाचीच हरकत उरली नाही. बाईंनी सगळ्यांसमोर सलीमभाईंना विचारलं, "भाव दुसरीकडंही विचारायचा?" सलीमभाई म्हणाले, "हौ, जरूर पूछो." मी दुसरीकडे विचारलं. स्वस्ताईत सलीमभाईंचा मेव्हणा दुसरा निघाला. काम सगळ्यांत स्वस्त होता त्याला दिलं. सलीमभाईंनी आधी तोंड फुगवलं आणि मग त्याच माणसाला जोड नीट बसवायला मदतही केली.

लिफ्ट सुरू झाली तो दिवस. नारळ, हार, काकींनी केलेला शिरा. अध्यक्ष म्हणून फीत बाईंनी कापायची होती. त्या म्हणाल्या, "सगळ्यांत जास्त फायदा माझा, मी नाय कापणार," आणि कात्री काकींच्या हातात दिली. काकींनी फीत चाचपून कापली. खिडकीत ऊन होतं. आधीपेक्षा थोडं कमी, पण होतं. काकी आत जाऊन ओट्यावर हात ठेवून बघून आल्या आणि "पुरतंय" म्हणाल्या.

बाई त्यानंतर दोन पावसाळे राहिल्या, आपल्याच दाराआड, पडेगावला न जाता. गेल्या वर्षी त्या झोपेतच गेल्या. भाच्यानं फ्लॅट अजून विकलेला नाही आणि पाटी काढलेली नाही. विचारलं तर म्हणतो, "विकण्यात माझाच फायदा आहे, म्हणून घाई करत नाही."

पण माझ्या डोळ्यांसमोर बाई येतात त्या फीत कापली त्या सकाळच्या. सगळे म्हणाले, बाई, आता पहिल्या तुम्हीच बसा. त्या लिफ्टच्या दाराशी आल्या, थांबल्या आणि देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढून आत गेल्या. कुणाला सांगायचं सुचलं नाही. दार लागलं. काचेची पेटी हळूहळू वर निघाली. आत बाई अनवाणी, ताठ उभ्या, दोन्ही हात काचेला टेकवलेले. जिन्याच्या पहिल्या वळणावरची ती टाकी धुण्याची नोटीस त्यांच्या समोरून खाली गेली आणि त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. वरून आवाज आला, "सचिव, माझ्या चपला खाली राहिल्या."

मी उचलायला वाकले तर काळेकाका आधीच शेवटच्या पायरीवर, त्या चपलांच्या शेजारी बसले होते.

"राहू द्या," ते म्हणाले. "त्या येतील परत खाली. मी बसतो इथं."

"का हो काका?"

"माझा फायदा आहे," काळेकाका वर बघत म्हणाले. "आमच्या खिडकीतून आता रोज सकाळी बाई दिसणार."